इंग्लंडच्या कोर्टाचा सीन लिहून राहिली आहे, जजचा हातोडा ठेवू का काढू?

ओवी_धरमपेठ

नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे होती. मी एक एकांकिका लिहून राहिली आहे, साधारण पाऊण तासाची. दिवाळीनंतर तालमी सुरू करायच्या आहेत, महालातल्या एका शाळेचा हॉल संध्याकाळी सात ते नऊ मिळालाय. विषय आहे जॉर्ज एडलजीची केस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. याचे वडील शापूरजी एडलजी हे आपल्या मुंबईचे पारशी, ते ख्रिश्चन झाले आणि इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वायर्ली नावाच्या गावात चर्चचे व्हिकर, म्हणजे पाद्री झाले, आई इंग्रज. जॉर्ज बर्मिंगहॅमला सॉलिसिटर होता, रेल्वेने जाणाऱ्या साध्या माणसासाठी त्याने कायद्याचं एक पुस्तकही लिहिलं होतं. 1903 मधे त्या गावात रात्री कोणीतरी घोडे, गुरं, मेंढ्या यांची पोटं फाडून जात होतं, सोबत निनावी पत्रं येत होती, आणि पोलिसांनी पकडलं कोणाला तर ज्याला डोळ्यांनी जेमतेम दिसतं अशा ह्या मुलाला. ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांनी, दोषी ठरवलं, सात वर्षांची शिक्षा. तीन वर्षांनी सोडलं पण निर्दोष म्हणून नाही, नुसतंच सोडलं. मग कॉनन डॉयल, हो तेच शेरलॉक होम्सवाले, त्यांनी 1907 च्या जानेवारीत पेपरात लेख लिहून ती केस कशी पोकळ होती ते मांडलं.

आता अडचण कुठं आहे तर कोर्टात. घरचे सीन, डॉयलचा सीन सगळे जमले पण खटल्याचा सीन मी चारदा लिहिला आणि चारदा तो आपल्या हिंदी पिक्चरसारखाच झाला. जज हातोडा आपटतो, ऑर्डर ऑर्डर, वकील साक्षीदाराच्या पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारतो, दुसरा ओरडतो ऑब्जेक्शन माय लॉर्ड. माझ्या मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली की ओवी, नावं इंग्रजी आहेत फक्त, कोर्ट मात्र स्टुडिओतलं आहे. मला ते लागलं कारण खरंच होतं. तर तिथलं फौजदारी कोर्ट चालतं कसं, कोण कुठं बसतं, कोण कोणाला काय म्हणतं, हातोडा असतो का नसतो, आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे निर्णय जर ज्युरी देणार तर जजला मी संवाद काय देऊ, तो नुसता बसून राहतो का? ज्यांनी वाचलंय किंवा पाहिलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, लांब लिहिलं तरी चालेल.

चिन्मय_सीताबर्डी

मस्त विषय! मी ब्रिटिश सिरीयल खूप पाहतो त्यामुळं लिहून राहिलो. ती आपली पंकज त्रिपाठीवाली क्रिमिनल जस्टिस आहे ना 2019 ची, ती मूळ बीबीसीच्या 2008 च्या सिरीयलवरून आहे, पीटर मॉफटने लिहिलेली. आणि ह्या मॉफटने आधी स्वतः वकिली केलेली आहे. दुसरी म्हणजे रम्पोल ऑफ द बेली, तिचा लेखक जॉन मॉर्टिमर, तो तर नाव असलेला बॅरिस्टर होता. म्हणजे तिकडं वकीलच लिहायला बसतात, म्हणून त्यांचं कोर्ट खरं वाटतं. माझा सल्ला, सीन सरळ ओल्ड बेलीत ठेव, नाव लोकांना माहीत आहे, घुमटावर न्यायदेवता वगैरे एकदम भारी दिसेल. बाकी हातोड्याचं मला वाटतं असतो.

ॲड_काका_सिव्हिल_लाईन्स

ओवी बेटा, तीसेक वर्षं झाली मी आपल्या जिल्हा कोर्टात फौजदारी कामं करून राहिलो, इंग्लंडला गेलो नाही कधी पण आपला सगळा फौजदारी कायदा तिथूनच आलेला असल्यामुळं तिथल्या जुन्या केसेस वाचत आलो. पहिले हातोडा काढून टाक. इंग्लंडच्या कोर्टात हातोडा नाही, कधीच नव्हता, अमेरिकेतल्या जजकडं असतो तो आपल्या पिक्चरवाल्यांनी इकडं आणला. आपल्याकडं तरी कुठं आहे? तू एखाद दिवशी ये सेशन कोर्टात, मागच्या बाकावर बस, दिवसभर बसलीस तरी हातोडा दिसणार नाही. जज नुसती मान वर करून बघतात, आवाज खाली येतो. इंग्लंडात तर लोक त्याहून शांत.

चिन्मय, ओल्ड बेली नाही चालणार बाबा. ओल्ड बेली म्हणजे लंडनचं सेंट्रल क्रिमिनल कोर्ट, आताची इमारत 1907 ची, न्यूगेटचा जुना तुरुंग पाडून त्या जागेवर बांधली. मदनलाल धिंग्रांचा खटला तिथंच झाला 1909 च्या जुलैमधे, एका दिवसात आटोपला आणि 17 ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी. उधमसिंगांचाही तिथंच 1940 मधे. सावरकर मात्र बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटपुढं उभे होते 1910 मधे, कारण तिथं प्रश्न एवढाच होता की त्यांना हिंदुस्थानात पाठवायचं का नाही. म्हणजे कोणती गोष्ट कोणत्या कोर्टात जाते ह्याला फार महत्त्व आहे. आणि घुमटावरच्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही बरं का, पोस्टर करशील तर लक्षात ठेव.

एडलजीचा खटला स्टॅफर्डला क्वार्टर सेशन्समधे चालला. हे तुझ्या नाटकाच्या फार कामाचं आहे. तेव्हा मोठे गुन्हे असाइझेसमधे जायचे, तिथं हायकोर्टाचा जज दौऱ्यावर यायचा. क्वार्टर सेशन्समधे कौंटीतले जस्टिस ऑफ द पीस बसायचे, म्हणजे तिथलेच जमीनदार, प्रतिष्ठित मंडळी, समोर बारा जणांची ज्युरी. ज्या जिल्ह्यात सहा महिने त्या केसशिवाय दुसरी चर्चा नाही त्याच जिल्ह्यातले बारा पुरुष (बायका ज्युरीवर 1919 च्या कायद्यानंतर आल्या, तोपर्यंत नाहीच) आणि त्यांच्यापुढं हा व्हिकरचा सावळा मुलगा. क्राऊन कोर्ट असं कुठं लिहिलं असशील तर तेही काढ, ते 1 जानेवारी 1972 ला सुरू झालं, असाइझेस आणि क्वार्टर सेशन्स दोन्ही बंद करून.

आता वकील. तो फिरत नाही. आपल्या जागेवर उभा राहून बोलतो, आणि एका वेळी एकच वकील उभा असतो, एक उठला की दुसऱ्याने बसायचं. हरकत घ्यायची तर ओरडायचं नाही, नुसतं उठून उभं राहायचं, बोलणारा आपोआप थांबतो. हे स्टेजवर किती छान दिसेल विचार कर. साक्ष चालू आहे आणि दुसरा बॅरिस्टर काही न बोलता हळूच उभा राहतो, सगळ्यांच्या माना तिकडं. विरुद्ध वकिलाला म्हणायचं माय लर्नेड फ्रेंड, आपणही अजून विद्वान मित्र म्हणतोच. आणि उलटतपासणीत आपली बाजू साक्षीदाराच्या तोंडावर मांडावीच लागते, आय पुट इट टू यू करून. आपल्याकडं ती पद्धत जशीच्या तशी आहे, आपल्या जबानीचे कागद उघडून बघ, शेवटचं अख्खं पान हेच असतं, हे म्हणणे खरे नाही की मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही की मी घटनेच्या वेळी हजर नव्हतो. नाही आणि नाही आणि नाही. एखादा साक्षीदार दहाव्या वेळी खरे नाही म्हणताना थुंकी गिळतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या त्या पोलिस इन्स्पेक्टरच्या साक्षीत असं एक पान टाक, ओरडाआरडा लागणारच नाही.

आणि जज नुसता बसतो असं कोणी सांगितलं! शेवटी ज्युरीला सगळा पुरावा समजावून सांगतो तो, समिंग अप म्हणतात त्याला. कायदा असा आहे, अमुक साक्षीदार असं म्हणाला, तमुक तसं म्हणाला, आता तुम्ही ठरवा. तुम्ही ठरवा असं म्हणतो खरा पण कोणत्या वाक्यावर किती वेळ रेंगाळतो त्यात केस कुठल्या कुठं जाते. आपल्याला ह्याचं उदाहरण लांब शोधायला नको. 1908 चा टिळकांचा खटला घे, मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दावर, नऊ जणांची ज्युरी, सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतः आपली बाजू मांडली, वीस तासांच्या वर बोलले. मग दावरांचं समिंग अप झालं, आणि सात विरुद्ध दोन, दोषी. रात्र झाली होती. हेच दावर 1897 च्या राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. कोर्टाचं नाटक लिहायचं म्हणजे असं आहे बेटा, आवाज चढायची गरजच पडत नाही.

चिन्मय_सीताबर्डी

काका हे दावरांचं मला माहीतच नव्हतं, अंगावर काटा आला. हातोड्याचं मागं घेतो. पण मग आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हे चुकीचं चित्र आलं कुठून, ब्रिटिश सिरीयलमधे पण मी हातोडा पाहिला आहे असं मला पक्कं आठवतं.

लीड्सहून_परत

ओवी, मी चौदा वर्षं इंग्लंडात होते, आता परत येऊन मनीषनगरला असते. मला तिथं ज्युरी ड्युटी लागली होती. पासपोर्ट भारतीयच होता, पण तिथं राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत देता येतं आणि ज्युरीची नावं मतदारयादीतून निघतात, त्यामुळं एक दिवस पत्र आलं. 18 ते 75 वयाच्या कोणालाही येऊ शकतं. आधीच सांगते, ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही, तो तिथं गुन्हा आहे, आयुष्यभरासाठी, आणि तो नियम मला मनापासून पटतो. कोर्टही कोणतं ते लिहित नाही. केस साधी होती, चोरीची. पण बाहेरचं सगळं सांगते.

चिन्मय, चित्र चुकीचं येण्याचं कारण मला वाटतं असं आहे की खरं कोर्ट कोणी पाहतच नाही. 1925 च्या कायद्याने तिथं कोर्टात फोटो काढायला बंदी आहे, चित्र काढायलाही आहे. बातम्यांत ती जी रंगीत खडूची चित्रं येतात ना ती चित्रकार आत बसून काढत नाहीत, आत बघून घेतात, बाहेर येऊन आठवणीने काढतात. 2022 च्या जुलैपासून क्राऊन कोर्टात शिक्षा सुनावतानाचं जजचं भाषण टीव्हीवर दाखवता येतं, पण कॅमेरा फक्त जजवर. म्हणजे शंभर वर्षं लोकांना कोर्ट जे दिसलं ते एकतर खडूचं किंवा सेटवरचं. मग सेटवाल्याने हातोडा ठेवला की तोच खरा.

आता जे मी पाहिलं. आम्हाला एका मोठ्या हॉलमधे बसवून ठेवतात, दोन दोन दिवस काहीच होत नाही, लोक कोडी सोडवतात, स्वेटर विणतात. मग नावं पुकारतात, पंधरासोळा जणांना एका काळा गाऊन घातलेल्या बाई घेऊन जातात, त्यांना उशर म्हणतात. आत गेल्यावर क्लार्क हातातल्या चिठ्ठ्यांमधून बारा नावं वाचतो. ज्याचं नाव आलं त्याने जाऊन बसायचं. मग एकेकाने उभं राहून शपथ. बायबल, कुराण, गीता सगळं ठेवलेलं असतं, नाहीतर नुसती प्रतिज्ञाही घेता येते. मी गीतेवर घेतली. माझ्या आधीच्या माणसाचा हात इतका थरथरत होता की कार्ड वाचता येईना, ट्रक चालवणारा धिप्पाड माणूस होता तो. त्या क्षणी मला कळलं की हे लोक ह्या गोष्टीला किती मानतात. तुझ्या नाटकात बारा जणांची नाही तर निदान एकाची शपथ पूर्ण दाखव, घाई करू नको.

आरोपी कुठं असतो हे तू विचारलंस. आपल्या वकिलाशेजारी नसतो, ते अमेरिकेत. इंग्लंडात त्याचा पिंजरा कोर्टाच्या मागच्या बाजूला, जजच्या समोरासमोर, आता बऱ्याच ठिकाणी काचेचा असतो. मधे वकील बसतात, आरोपीकडं पाठ करून. म्हणजे स्वतःचा वकीलसुद्धा त्याला मागूनच दिसतो. बॅरिस्टरच्या विगला मागं दोन बारीक शेंड्या लोंबतात, घोड्याच्या केसांच्या. त्या केसमधला मुलगा बावीसतेवीस वर्षांचा असेल, चार दिवस त्या शेंड्यांकडं बघत बसलेला मला अजून दिसतो. त्याच्याबद्दल लोक बोलत होते आणि त्याला कोणी वळून बघत नव्हतं. आम्ही ज्युरी बाजूला बसतो ना, आम्हालाच फक्त सगळ्यांचे चेहरे दिसतात.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच सिरीयलमधे धड दाखवत नाहीत. ज्युरीला सारखं बाहेर काढतात. साक्ष अर्धी झालेली असते, एक वकील उठतो, म्हणतो कायद्याचा मुद्दा आहे, जज आमच्याकडं बघून सॉरी म्हणतात, आणि आम्ही बाराजण उठून ओळीने बाहेर. मागून दार बंद होतं. वीस मिनिटं, कधी दीड तास. परत येतो तेव्हा सगळे पहिल्यासारखे बसलेले, काय झालं कोणी सांगत नाही, साक्ष पुढं सुरू. कुठला पुरावा आम्हाला दाखवायचा आणि कुठला नाही ते तिथं ठरलेलं असतं. आरोपीने आधी काय केलं, पूर्वी शिक्षा झाली का, हे आम्हाला सहसा कळू देत नाहीत, 2003 च्या कायद्याने त्यात थोडी मोकळीक आलीय पण तरी अटी आहेत. घरी जाऊन गूगल करायला बंदी, 2015 पासून तो सरळ गुन्हा आहे. वहीत लिहिलेलं सगळं तिथंच ठेवून यायचं. काही विचारायचं असेल तर चिठ्ठीवर लिहून उशरकडं द्यायचं, ती जजकडं जाते. मी एक चिठ्ठी लिहिली होती, ती त्या गाऊनवाल्या बाईच्या हातातून पुढं पुढं जाताना बघत होते, जजने चष्मा लावून वाचली, दोन्ही वकिलांना दाखवली, आणि मग सगळ्यांसमोर उत्तर दिलं. एवढ्याशा कागदाला एवढा मान.

आपल्याकडं चॅनलवर अटक झाल्या दिवशीच निकाल लागतो, ते पाहिलं की मला त्या बंद दाराची फार आठवण येते. तिथं अटक झाल्यापासून पेपरवाल्यांना काय छापायचं त्याची बंधनं असतात, 1981 चा कायदा आहे, ज्युरीचं मन आधीच बनेल असं छापलं तर पेपरवरच खटला होतो.

नाट्यवेडा_महाल

वाह ताई, हे वाचून झोप उडाली. ओवी, मी पंचवीस वर्षं हौशी नाटकं बसवतो म्हणून सांगतो, तुझं नाटक ह्या बंद दारात आहे. प्रेक्षकांनाच ज्युरी कर. लंडनला 2017 पासून काउंटी हॉलमधे अगाथा ख्रिस्तीचं विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन चालू केलं त्यांनी, थिएटरात नाही, जुन्या कौन्सिलच्या सभागृहात, आणि प्रेक्षकांतल्या काही जणांना ज्युरीच्या खुर्च्यांवर बसवतात. आपल्याला तेवढंही नको. पहिली रांग बारा खुर्च्यांची, प्रत्येक खुर्चीवर एक पांढरं कार्ड.

आणि आपल्याकडं तेंडुलकरांचं शांतता! कोर्ट चालू आहे आहेच की, तिथं तर सगळं कोर्टच खोटं, खेळ म्हणून मांडलेलं, तरी बेणारेबाईंना त्या पिंजऱ्यातून बाहेर पडता येत नाही. तिथं आपण बघतो की कोर्टाची नुसती पद्धत हातात आली की माणसं कशी वागायला लागतात. त्यामुळं इंग्लंडच्या कोर्टाचा सेट हुबेहूब करायच्या भानगडीत पडू नको, स्पर्धेत पंधरा मिनिटात सेट लावायचा असतो. पद्धत हुबेहूब कर. कोण कधी उभं राहतं, कोण कोणाकडं पाठ करून आहे, एवढं सांभाळलं की एक बाक आणि एक कठडा पुरे.

पण एक अडचण आहे, विचार कर. प्रेक्षक ज्युरी असतील तर ज्युरी बाहेर गेल्यावरचं बोलणं प्रेक्षकांनी ऐकायचं का नाही?

ॲड_काका_सिव्हिल_लाईन्स

नाही ऐकायचं. आणि एडलजीच्या केसमधे ते चपखल बसतं. त्या मुलाची नजर फारच अधू होती. डॉयल त्याला भेटायला हॉटेलात गेले तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांपाशी धरून वाचत बसला होता, आणि डॉयल स्वतः डोळ्यांचे डॉक्टर, त्यांच्या तिथंच लक्षात आलं की हा माणूस अंधाऱ्या रात्री रेल्वेची लाईन ओलांडून, कुंपणं चढून, शेतातून जाऊन घोड्यापर्यंत पोचूच शकत नाही. हा डोळ्यांचा मुद्दा ज्युरीपुढं नीट आलाच नव्हता. ज्युरीपुढं काय आलं, तर कोटावरचे डाग, घोड्याचे केस, आणि हस्ताक्षर. हस्ताक्षराचे तज्ज्ञ होते थॉमस गरिन, ह्याच गृहस्थांनी 1896 मधे अडॉल्फ बेक नावाच्या माणसाच्या केसमधेही हस्ताक्षर ओळखण्यात चूक केली होती. बेकला दोनदा दोषी ठरवलं आणि दोन्ही वेळा चुकीचं. ते उघड झालं 1904 मधे, तोपर्यंत एडलजी तुरुंगात जाऊन बसला होता.

म्हणून असं कर. निकाल लागेपर्यंत प्रेक्षकांना तेवढंच दाखव जेवढं स्टॅफर्डच्या त्या बारा जणांनी पाहिलं. वडिलांची साक्ष ठेव, ती फार मोठी आहे. व्हिकर शपथेवर सांगतात की मुलगा माझ्याच खोलीत झोपतो, दार आतून बंद असतं, मी त्या रात्री जागा होतो. आणि ज्युरी बापावर विश्वास ठेवत नाही. प्रेक्षकांनाही क्षणभर वाटू दे की बाप आहे, मुलासाठी बोलणारच. डोळ्यांचं मात्र निकालानंतरच येऊ दे, त्या वर्तमानपत्रातून.

आणखी एक, शिक्षा झाल्यावर अपिलाचा सीन लिहिला असशील तर तो काढावा लागेल. 1903 मधे इंग्लंडात ज्युरीच्या फौजदारी निकालावर अपील करायला कोर्टच नव्हतं. आपल्याकडं हायकोर्टात अपील होत होतं, इंग्लंडात नाही, वाचून विश्वास बसत नाही पण असंच होतं. होम सेक्रेटरीकडं, म्हणजे तिथल्या गृहमंत्र्याकडं अर्ज करायचा आणि वाट बघायची. दहा हजार लोकांच्या सह्या गेल्या होत्या एडलजीसाठी. बेक आणि एडलजी ह्या दोन प्रकरणांमुळं ओरड झाली आणि 1907 मधे कोर्ट ऑफ क्रिमिनल अपीलचा कायदा झाला. एडलजीला स्वतःला काय मिळालं, तर माफी. सरकारी कमिटी म्हणाली की प्राण्यांच्या गुन्ह्यात शिक्षा चुकीची, पण पत्रं ह्यानेच लिहिली असावीत आणि संकट स्वतःवर ओढवून घेतलं, म्हणून भरपाईचा एक पैसा नाही. मला वकील म्हणून ह्या ओळीचा आजही राग येतो. तीन वर्षं तुरुंगात टाकायचं आणि वरून म्हणायचं की तुझीच चूक होती.

काहूनबाई

सगळं वाचून राहिली मी दुपारपासून, काय छान लिहिता बाप्पा तुम्ही लोक. मले एकच विचारायचं होतं, स्कॉटलंडमधे ज्युरी पंधरा जणांची असते म्हणतात ते काहून? आणि तिथं तीन निकाल असतात म्हणे.

लीड्सहून_परत

हो, स्कॉटलंडची कोर्टं आणि कायदा वेगळाच आहे, इंग्लंड आणि वेल्सचा वेगळा, नॉर्दर्न आयर्लंडचा तिसरा. म्हणजे ब्रिटिश कोर्ट असं सरसकट म्हणताच येत नाही खरं तर. स्कॉटलंडला ज्युरी पंधरा जणांची, आणि गिल्टी, नॉट गिल्टी शिवाय नॉट प्रूव्हन असा तिसरा निकाल होता, म्हणजे सिद्ध झालं नाही. माणूस सुटायचा पण गावात मान खाली घालून फिरायचा. 2025 मधे स्कॉटिश पार्लमेंटने तो बंद करायचा कायदा केला. गोष्टी लिहिणाऱ्यांना तो निकाल फार आवडायचा, साहजिक आहे.

आणि लेखकांबद्दल निघालंच आहे तर एक सांगते, सगळ्या कथा खुनाच्या आणि मोठ्या कोर्टाच्या असतात, पण इंग्लंडातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त फौजदारी केसेस मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातच संपतात. तिथं ज्युरी नाही, विग नाही. बिनपगारी मॅजिस्ट्रेट असतात, बहुतेक वेळा तिघं, कोणी रिटायर्ड शिक्षिका, कोणी दुकानदार, कायदा सांगायला शेजारी एक सल्लागार. मी एकदा गॅलरीत जाऊन बसले होते, अर्ध्या तासात चार माणसं आली आणि गेली, एक बाई हातात दुधाची पिशवी घेऊनच आली होती, तिला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. त्या बाईवर कोणी सिरीयल काढत नाही. आणि वरच्या क्राऊन कोर्टात आता सत्तर हजारांच्या वर केसेस पडून आहेत, लोक तारखेसाठी वर्षं वर्षं थांबतात. हे ऐकून माझे इथले नातेवाईक म्हणतात म्हणजे तिकडंही तारीख पे तारीखच का.

ओवी_धरमपेठ

मी काल रात्री बसून सीन पूर्ण नवा लिहिला, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. हातोडा गेला, ऑर्डर ऑर्डर गेलं, फेऱ्या गेल्या, अपिलाचा सीनही गेला (होता काका, तीन पानं होती). सुरुवात अशी केलीय.

अंधार. पुकारा. प्रकाश येतो तेव्हा जॉर्ज स्टेजच्या मागच्या बाजूला कठड्यात उभा आहे, तोंड प्रेक्षकांकडं. पुढं दोन बॅरिस्टर त्याच्याकडं पाठ करून बसलेले. क्लार्क प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत येतो, बारा खुर्च्यांसमोरून हळूहळू चालत जातो, प्रत्येक कार्डाकडं बघतो. शेवटच्या खुर्चीसमोर थांबतो. तिथं बसलेल्याला म्हणतो, मोठ्याने वाचा.

जजसाठी दीड पानाचं समिंग अप लिहिलंय. व्हिकरच्या साक्षीवर एक ओळ आणि कोटाच्या डागांवर नऊ ओळी. तो कुठंच म्हणत नाही की आरोपी दोषी आहे.

एकच अडलंय. निकाल सांगताना नक्की काय होतं, सगळे उभे राहतात का?

लीड्सहून_परत

नाही, ज्युरीतला फक्त फोरमन, म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारा, उभा राहतो, बाकीचे अकराजण बसून. क्लार्क विचारतो की तुम्हा सर्वांचं एकमत झालं आहे का, फक्त हो किंवा नाही सांगा. मग विचारतो दोषी का निर्दोष. 1903 मधे एकमतच लागायचं त्यामुळं तुला एवढं पुरे. 1967 पासून दहा विरुद्ध दोनही चालतं, निदान दोन तास दहा मिनिटं झाल्यावर जज तशी परवानगी देऊ शकतात. आणि त्यात एक फार सुंदर गोष्ट आहे. बहुमताने दोषी म्हटलं तर क्लार्क पुढं विचारतो, किती विरुद्ध किती. निर्दोष म्हटलं तर विचारतच नाही. म्हणजे सुटलेल्या माणसाला आयुष्यात कोणी म्हणू शकत नाही की तुझ्या विरुद्ध दोघं होते. आमच्या केसमधे क्लार्कने पुढचा प्रश्न विचारला नाही. तो मुलगा तरी उभाच राहिला, त्याला वाटलं अजून काही विचारायचं बाकी आहे, मग पिंजऱ्यातल्या गार्डने दार उघडून त्याच्या खांद्याला हात लावला.

नाट्यवेडा_महाल

ओवी, हा गार्डचा हात मला दुसऱ्या नाटकासाठी पाहिजे, ताईंनी परवानगी दिली तर. तालीम कधीपासून? फोरमनला माणूस आहे का?

ओवी_धरमपेठ

भाऊबीज झाली की लगेचच्या सोमवारपासून, सातला. फोरमन नाही मिळाला अजून. आणि दोन काळे गाऊन लागतील, भाड्याने कुठं मिळतात कोणाला माहीत आहे का, धंतोलीतल्या एका दुकानात विचारलं तर ते दीक्षांत समारंभाचे निघाले.

ॲड_काका_सिव्हिल_लाईन्स

भाड्याने नको घेऊ. माझ्याकडं दोन आहेत, एक नवीन आणि एक सुरुवातीच्या काळातला, त्याची बाही उसवली आहे पण लांबून दिसणार नाही. पांढरे बँडही आणतो. सोमवारी कोर्ट सुटल्यावर येतो, साडेसहापर्यंत पोचेन. व्हिकरच्या साक्षीपासून सुरू करा, ते मला बघायचं आहे.